शुक्रवारचे अडीच तास

चाचांनी सांगितलेली तारीख चुकलेली आमच्या ऑफिसात कुणी पाहिली नव्हती. तारीख माणसाच्या मरणाची नव्हे, सेलच्या. भिंतीवरचं घड्याळ कधी थांबेल, समोरच्या चहावाल्याचा वजनकाटा कधी डोळे मिटेल, साहेबांची मोटारसायकल कुठल्या सोमवारी ढकलावी लागेल, हे ते आधी ठरवायचे, पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहायचे आणि ती चिठ्ठी त्या वस्तूच्या पाठीला चिकटवून ठेवायचे. वस्तू बंद पडली की सगळ्यांसमोर चिठ्ठी सोडवायची. दोन-चार दिवस इकडेतिकडे चालायचे. तारीख जुळली की दुसऱ्या दिवशी चाचा घरून खजूर आणायचे. साहेबांच्या मोटारसायकलच्या वेळी साहेब घामाघूम होऊन आत आले, तेव्हा चाचांनी त्यांच्याही हातावर दोन खजूर ठेवले. साहेबांनी ते खाल्ले, पण आवडीने नाही.

“अंदाज सांगणाऱ्यानं दिवस सांगावा,” चाचा म्हणायचे. “दिवस नाय सांगितला तर ते भविष्य. भविष्य सांगणारे स्टँडवर दोन बसलेत, तिसरा कशाला?”

हे ऑफिस पोलादपुरात होतं, एका कॉन्ट्रॅक्टरचं. गावोगावचे लहान रस्ते, मोऱ्या, गटारं अशी कामं. मी डिप्लोमा करून नुकता लागलो होतो. चाचा महाडचे. ऐन उमेदीची वीस-बावीस वर्षं आखातात सर्वे पार्टीत काढून परत आलेले. गावातले त्यांच्या वयाचे लोक नातवंडं खेळवत असताना हे रोज सकाळच्या एसटीने पोलादपूरला यायचे आणि लेव्हल खांद्यावर टाकून डोंगर चढायचे. लेव्हल म्हणजे ती तिपायीवरची दुर्बीण, जिच्यातून बघून जमिनीचा चढउतार काढतात. त्यांचे आकडे पुन्हा तपासायची कुणाची टाप नव्हती. मी एकदा तपासायला गेलो आणि माझीच चूक निघाली. चाचांनी ती साहेबांना सांगितली नाही. मलाही रागावले नाहीत. फक्त माझ्या वहीतल्या चुकीच्या आकड्याभोवती पेन्सिलीने एक बारीक गोल काढून वही परत दिली. मला ते फार लागलं. रागावले असते तर उलट बोलता तरी आलं असतं.

त्यांचा कॅल्क्युलेटर आखातातून आलेला होता. काळा, जाडजूड, त्यात गणितं भरून ठेवता यायची. तो राहायचा स्टीलच्या डब्यात, तांदळात अर्धा पुरलेला, कारण आमच्याकडचे पावसाचे चार महिने माणसाला बुरशी आणतात तिथे यंत्राचं काय. दर पंधरा दिवसांनी घरून नवे तांदूळ यायचे. जुन्या तांदळांचं काय होतं, असं मी एकदा विचारलं. “खिचडी,” चाचा म्हणाले. “त्या दिवशी सगळ्यांची गणितं बरोबर येतात.”

त्या कॅल्क्युलेटरचा सेल हे त्यांचं खरं प्रकरण. कंपनीच्या कागदावर दोनशे तास छापलेले असायचे. चाचा त्यातून वजा करत बसायचे. सेल दुकानात किती महिने पडून होता ते एक. ओल किती ते दुसरं. डोंगरावरचा गारठा तिसरं. आणि चौथं म्हणजे अंगठा. “काही लोक विचार करून बटण दाबतात,” ते सांगायचे, “आणि काही बटण दाबून विचार करत बसतात. दुसऱ्याच्या हातात सेल लवकर मरतो.” असं बोलताना ते माझ्या अंगठ्याकडे बघायचे. काम झालं की कॅल्क्युलेटर आपल्या हाताने बंद करायचा. तो आपोआप बंद होईल म्हणून सोडून देणं म्हणजे त्यांच्या लेखी नळ उघडा टाकून गावाला जाणं होतं.

डब्यात तांदळावर एक छोटी वही असायची. एक तास वापर झाला की एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी ओढून जुडी बांधायची. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी कॅल्क्युलेटर घेतला तर त्यानेही रेघ ओढायची आणि खाली सही करायची. एवढा एकच नियम होता. मागितलं तर ते कुणालाही द्यायचे.

हे सगळं कशासाठी, ते मला माहीत होतं. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे केलं ते अजाणता केलं असं कुणाला वाटायला नको.

एकदा लेव्हल दुरुस्त होऊन मुंबईहून येणार होती, ती आणायला आम्ही दोघं वीर स्टेशनवर गेलो होतो. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या मी सहज विचारलं, “चाचा, नवा सेल दहा मिनिटांत बदलून होतो. मग एवढा खटाटोप कशाला?”

आधी त्यांनी मला वाळवंटातली गोष्ट सांगितली. कॅल्क्युलेटर मध्येच मेला, सबंध दिवसाचं काम फुकट गेलं, ती. ती त्यांनी सगळ्यांनाच सांगितलेली होती. मग म्हणाले, “माझा थोरला भाऊ ट्रक चालवायचा. आंबेनळी घाट डोळे मिटून उतरायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी आपल्याच मोहल्ल्यात उभा राहून लोकांना आपलं घर विचाराय लागला. मग सात वर्षं तसाच. शेवटी मला ‘तुम्ही कोण?’ म्हणायचा. मला आता सत्तावन्न.”

“डॉक्टरला दाखवलंत?” मी विचारलं.

“डॉक्टर सांगतो, तुम्हाला काय झालेलं नाय. पण ज्याचं डोकं जातं त्याला कळत नाय रे, ते जातंय. म्हणून मी सेल धरलाय. पाच-सहा महिने रोज न चुकता रेघ ओढायची, आणि शेवटी बेरीज माझ्या अंदाजाला मिळाली पायजे. मिळाली तर डोकं जागेवर हाय. ज्या दिवशी नाय मिळाली त्या दिवशी लेव्हल खाली ठेवायची. मी सेंटिमीटर चुकलो तर गटाराचं पाणी लोकांच्या चुलीत जाईल. आपल्याकडचा पाऊस काय ऐकून घेणारा हाय?”

तेवढ्यात गाडी आली. पेटी उतरवायची गडबड झाली आणि मी ते सगळं त्या बाकावरच ठेवून आलो.

त्या वर्षी मी सरकारी भरतीची परीक्षा द्यायची ठरवली. माझा स्वतःचा कॅल्क्युलेटर डोंगरावरच्या कुडपण गावच्या कामावर पाण्याच्या पिंपात पडून गेला होता. परीक्षेत तो चालणार नव्हताच, पण सराव करताना उत्तरं ताडून पाहायला काहीतरी हवं होतं. मोबाइल काढून बसलो तर साहेबांना वाटायचं, पोरगा रील बघतोय. दर शुक्रवारी चाचा नमाजासाठी महाडला जायचे. आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीत नमाज, मग घरी जेवण, मग परत. अडीच तास. डबा त्यांच्या खणात असायचा. खणाला कुलूप नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी मी डबा उघडला, तेव्हा रेघ ओढायला पेन्सिल हातात घेतली होती. मग विचार आला की वही साहेबांनीही कधीमधी बघितली तर? शुक्रवारी दुपारी हा इतके तास काय मोजतो? ऑफिसच्या वेळेत दुसऱ्या नोकरीचा अभ्यास करतो म्हणून तिथल्या तिथे नारळ मिळाला असता. चाचांना सांगितलं असतं तर त्यांनी पोटात ठेवलं असतं, पण सही केल्याशिवाय सोडलं नसतं. मी पेन्सिल खाली ठेवली. कॅल्क्युलेटर पुन्हा तांदळात पुरताना तो होता तसाच तिरका ठेवला. चोरी पहिलीच होती, पण हात सरावलेला असावा तसा चालला.

असे सोळा शुक्रवार गेले. ते नमाजाला बसायचे तेव्हा मी त्यांचे तास खर्च करत बसायचो. इतकं उघड आहे, पण त्या वेळी मला त्यात काही दिसलं नाही. मला वाटायचं, वस्तू जिथल्या तिथे आहे, झिजली कुठे?

तो सेल चाचांनी शिमगा झाल्यावर घातला होता. एकशे ऐंशी तास, असं त्यांनी जाहीर केलं होतं. “चाकरमानी गणपतीला येताना ह्याचा शेवट. त्याआधी नाय.”

श्रावण लागला होता. कुडपणच्या वाटेवर एका वळणाला रस्ता खचला म्हणून पावसाची उघडीप बघून आम्ही लेव्हल घ्यायला गेलो. धुकं इतकं की वीस पावलांवर उभी धरलेली आकड्यांची पट्टी मध्येच दिसायची, मध्येच नाही. चाचा दुर्बिणीशी, मी वही घेऊन शेजारी, आणि गावातला एक गडी पट्टी धरून पलीकडे. निम्मं काम झालं असेल. चाचांनी कॅल्क्युलेटर उघडला, दोन आकडे दाबले, आणि पडदा फिका होत होत कोरा झाला.

त्यांनी बटण पुन्हा दाबलं. मग सेल काढून शर्टाला पुसून परत घातला. काही नाही. जादा सेल त्यांच्याकडे नव्हता, कारण तो ते तारखेच्या आठवडाभर आधी ताजा आणायचे. तारखेला अजून महिना होता.

पट्टीवाला जवळ आला आणि हसला. “म्हंजे चाचा, ह्या बारीला खजूर नाय?”

चाचा रस्त्याकडेच्या दगडावर बसले. डब्यातून वही काढली. जुड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा बोट ठेवून मोजल्या. “एकशे अडतीस,” ते म्हणाले. धुक्याने कागद ओलसर होत होता आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. मग त्यांनी मान वर केली.

“तू कधी घेतला होतास काय रे? सांग. रागवायचा नाय मी.”

“नाय चाचा,” मी म्हणालो. “मी कशाला घेऊ?”

दोन शब्दांत भागलं असतं. मी वर आणखी तीन घातले. त्या तीन शब्दांची मला पहिल्या दोनांपेक्षा जास्त लाज वाटते. परीक्षा दोन आठवड्यांवर होती. वीर स्टेशनचा बाक मला त्या क्षणी स्वच्छ आठवला होता, हेही सांगतो.

त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. “मग माझ्याच रेघा राहिल्या,” ते हळू आवाजात म्हणाले. “चाळीस-बेचाळीस तास. कधी वापरला तेच आठवत नाय.” उरलेली बेरीज-वजाबाकी त्यांनी कागदावर केली, एका हाताने पेन्सिल, दुसऱ्या हाताने तो हात धरून. ती बरोबर आली. मी नंतर तपासली.

शनिवारी त्यांनी लेव्हल पुसून पेटीत ठेवली आणि पेटीची चावी साहेबांना दिली. साहेब म्हणाले, “अहो चाचा, सेल खराब निघाला असेल.” चाचा म्हणाले, “सेल खराब असता तर पडदा पहिल्यापासून फिका असता. सेल चांगला होता.” मी माझ्या टेबलाशी खाली मान घालून चाळीस मिनिटं एकच पान वाचत होतो. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “अंगठा जपून,” एवढंच म्हणाले.

मी परीक्षा पास झालो. नोकरी लागली. तीही पोलादपुरातच, म्हणजे पळूनही गेलो नाही. त्यांच्या बातम्या चहावाल्याकडून कळायच्या. घरी त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं की आपलं थोरल्या भावासारखं होतंय. घरच्यांनी भावाचे हाल पाहिले होते, त्यांनी लगेच मानलं. स्कूटर विकली. गॅसला हात लावू देईनात. आखातातला मुलगा रोज फोन करून आज वार कोणता म्हणून विचारायचा. माणूस आपल्याच घरात परीक्षेला बसल्यासारखा राहत होता, आणि मी माझी परीक्षा पास होऊन बसलो होतो. सांगायला जायचं, असं मी दर पावसाळ्यात ठरवायचो. पाच पावसाळे गेले.

यंदा महाडच्या बाजारात ते दिसले. सुनेबरोबर होते. गळ्यात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड, त्यावर नाव, पत्ता आणि मुलाचा नंबर. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. “इंजिनेर! खिशातला मोबाइल बदल. बॅटरी फुगलीय, कव्हर वर आलंय बघ.” खरंच आलं होतं. मी कार्डाकडे बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. “हे होय? घरच्यांचं मन राखायला,” ते म्हणाले आणि कार्ड उलटं करून शर्टात सारलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी रजा टाकली आणि नमाज सुटल्यावर त्यांच्या घरी गेलो. खिडकीशी खुर्ची, खिडकीत तोच डबा. बसल्या बसल्या मी सांगून टाकलं. सोळा शुक्रवार, न ओढलेल्या रेघा, वीरचा बाक, कुडपण, सगळं. वाटलं होतं ते शिव्या देतील. देवाशपथ, मला त्या हव्या होत्या.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग विचारलं, “किती शुक्रवार म्हणालास?”

“सोळा.”

“येऊन-जाऊन अडीच तास. चाळीस.” त्यांची बोटं मांडीवर हलली. “एकशे अडतीस आणि चाळीस, एकशे अठ्ठ्याहत्तर. मी सांगितले होते एकशे ऐंशी.” आणि ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. “दोन तास! दोन तासांनी चुकलो फक्त! अगो, खजूर आण!”

सून बाहेर आली. “कसले खजूर, अब्बा?”

“तारीख जुळली. पाच वर्षांमागची. ह्यानं सांगितलं आत्ता. माझं डोकं तवा जागेवर होतं, गो.”

“हो अब्बा. छान झालं,” ती म्हणाली. लहान मुलाने खोटा मासा पकडून आणला की आपण म्हणतो, त्या आवाजात. खजूर आणून तिने दोघांच्या हातावर ठेवले. मी खाल्ला. त्याची बी किती तरी वेळ तोंडातच राहिली, कुठे टाकावी सुचेना.

मग चाचांनी डब्यातून वही काढली, ते शेवटचं पान उघडलं आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. “ओढ.” मी रेघा ओढल्या. चार उभ्या, एक आडवी. झाल्यावर वही त्यांच्याकडे दिली, सलाम केला आणि बाहेर आलो.

दारात चप्पल घालत होतो तेव्हा सून मागोमाग आली. आवाज बारीक करून म्हणाली, “तुम्ही आलात, त्यांचं मन राखलंत. असं कुणी करत नाही हो आजकाल. फार बरं वाटलं.”

मी सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. पण मी हसलो आणि मान हलवली. कुडपणला बोलून खोटं बोललो होतो, इथे न बोलता.

तेवढ्यात आतून आवाज आला. “अरे ए! एकोणचाळीसच हायत! एक कमी हाय!”

सुनेने माझ्याकडे बघून सुस्कारा सोडला. “बघितलंत ना? दिवसभर असंच मोजत बसतात.”

एका पायात चप्पल होती, ती काढली. “भाभी,” मी म्हणालो, “तुम्ही पण आत या. तुम्हीच मोजा.”

तिला काही कळलं नाही, पण ती आली. मी वही तिच्या हातात दिली. तिने माझं मन राखायला मोजलं. सात जुड्या, पस्तीस. शेवटच्या जुडीत चार उभ्या रेघा, वर आडवी नाही. तिने पुन्हा मोजलं, या वेळी बोट ठेवून. मग ती पानं मागे उलटत गेली. त्या जुन्या रेघा, दर महिन्याची बेरीज, कुठे खाडाखोड नाही. ती एकेक पान बघत होती आणि तिचा चेहरा बदलत होता. शेवटी तिने वहीवरून नजर उचलली. चाचांकडे नाही पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे हे खरं आहे?”

“हो, भाभी. मीच वापरला. आणि नाही म्हणून सांगितलं.”

तिने वही माझ्यापुढे ठेवली. चाचांनी पेन्सिल पुढे केली. मी चाळिसावी रेघ ओढली, आडवी.

“आता सही,” चाचा म्हणाले.

मी खाली माझं पूर्ण नाव लिहिलं.